माफीचा महिना

शाबानचा महिना लागला की माझा फोन एकदम गोड बोलायला लागतो. वर्षभर ज्यांना माझी आठवण येत नाही, त्या सगळ्यांचे मेसेज येतात. गुलाबाची फुलं, मेणबत्त्या, हिरवा घुमट आणि खाली ठरलेला मजकूर: कळत-नकळत आमच्याकडून तुमचं मन दुखावलं असेल तर माफ करा. आमच्यात याला कहा-सुना माफ करणं म्हणतात. शाबानच्या मध्यावर शब-ए-बारात येते. त्या रात्री पुढच्या वर्षाचं नशीब लिहिलं जातं अशी श्रद्धा आहे, म्हणून त्याआधी सगळ्यांशी मन साफ करून घ्यायचं. बाहेर न्यू जर्सीतल्या एडिसनचं फेब्रुवारीतलं राखाडी आभाळ, ड्राइव्ह-वेच्या कडेला काळा पडत चाललेला बर्फ, आणि मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये स्वतःला म्यूट करून एकेक गुलाब डिलीट करत बसलेली.

मी माफ करत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून भलत्या अपेक्षा ठेवणार नाही.

गावाकडे, कराडच्या पलीकडे, माझी अम्मी या दिवसांत चपला घालून घरोघर जायची. नळावर जिच्याशी वर्षभर भांडली तिच्याही दारात जायची. उंबऱ्यापाशी उभी राहून म्हणायची, "परवा तुझी कळशी मी मुद्दाम बाजूला सरकवली होती. माफ कर." समोरची म्हणायची, "मला माहीत होतं. मी पण तुझ्या कोंबडीला दगड मारला होता." मग दोघी हसायच्या आणि दुसऱ्या दिवशी नळावर परत भांडायच्या. माफी मागायची तर कळशीचं नाव घ्यावं लागायचं. गुलाबाच्या फुलाआड लपायची सोय तेव्हा नव्हती.

आम्ही सूफी घरातले. ऑफिसात हे कुणाला कळलं की डोळे लकाकतात. "ओह, सूफी! लव्ह अँड पीस!" त्यांच्या डोळ्यांपुढे पांढरे झगे घालून गोल फिरणारे लोक येतात आणि मग ते माझ्याकडे पाहतात. मी क्यूए टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो आणि मी एकही चूक विसरत नाही. लव्ह अँड पीस माझ्या घरात होतं खरं, पण ते अम्मीच्या वाट्याचं होतं. माझ्या वाट्याला तिचं नाक आणि तिच्या बापाचा संताप आला.

अम्मीचं नाव ताहिराबी. लग्नाआधीच तिनं तिच्या पीरसाहेबांचा हात धरला होता. हात धरला असं म्हणायचं, पण बाईनं मुरीद, म्हणजे शिष्या, व्हायचं तर पीर हात देत नाहीत. पागोट्याचं एक टोक ते धरतात, दुसरं बाई धरते आणि त्या कापडामधून वचन जातं. अम्मी ते कापड आयुष्यभर धरून होती. चाळिशीनंतर पीरसाहेबांनी तिला इजाजत दिली. इजाजत म्हणजे परवानगी: बायकांना सोबत बसवून जिक्र करायची, अल्लाची नावं घ्यायची, त्यांना रीत शिकवायची. ही परवानगी कुणी स्वतःहून घेऊ शकत नाही. गुरूनं शिष्याला द्यायची, शिष्यानं पुढच्याला, अशी ती नावांची साखळी मागे मागे पार नबींपर्यंत जाते. त्या साखळीला शजरा म्हणतात. जिक्रच्या आधी शजरा म्हणायचा, एकेक नाव घेत. अम्मी म्हणायची की शजऱ्याशिवाय जिक्र म्हणजे विहिरीशिवाय पोहरा. वाजतो छान, पण पाणी येत नाही.

अब्बा गेल्यावर मी तिला इकडे आणलं. इकडे म्हणजे या घरात, मी, माझा नवरा इक्बाल आणि मुलगी सना. पहिले काही महिने ती खिडकीपाशी बसून रस्त्यावर कुणी माणूस दिसतो का ते बघायची. मग आमच्या बेसमेंटमध्ये दर जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी संध्याकाळी, बायका जमायला लागल्या. एडिसनच्या, आयसेलिनच्या, पलीकडच्या गावांच्या. सोलापूर, औरंगाबाद, पुणे कॅम्प, नागपूर, कुठकुठल्या. पांढऱ्या चादरी अंथरायच्या, मध्ये ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून आणलेल्या काबुली चण्यांचा ढीग. एकदा नाव घेतलं की एक चणा इकडून तिकडे सरकवायचा. ढीग संपला की जिक्र संपला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच चण्यांची उसळ. सना म्हणायची, "नानी, are we eating the prayers?" अम्मी म्हणायची, "हो. म्हणूनच चवीला बऱ्या लागतात."

पहिल्याच जुमेरातीला अम्मीनं लोबान जाळला आणि घरभर अलार्म केकाटायला लागले. अग्निशमनवाले आले. हेल्मेट घातलेले ते दांडगे पुरुष बेसमेंटच्या पायऱ्या उतरले, तर खाली डोक्यावर पदर घेतलेल्या बायका मान डोलावतायत आणि मध्ये धुरात माझी अम्मी. तिनं त्यांना मलिदा दिला. चपात्या कुस्करून, तुपात गूळ घालून केलेला तो मलिदा त्यांनी खाल्ला आणि थँक यू म्हणून गेले. पुढच्या वेळेपासून इक्बाल अलार्मवर आंघोळीची टोपी चढवून ठेवायचा.

नाझनीन त्या बायकांत सगळ्यात हुशार. पुणे कॅम्पातली, इकडे मोठ्या कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर. तिला स्वतःची आई नव्हती, की होती आणि पटत नव्हतं, ते मला नीट कधी कळलं नाही. अम्मीच्या मांडीला मांडी लावून बसायची. श्वास कुठे घ्यायचा, मान उजव्या खांद्यावरून कशी आणायची, शेवटचा शब्द छातीच्या डाव्या बाजूला कसा सोडायचा, सगळं तिनं अम्मीकडून उचललं. अम्मीच्या हातची भाकरी खाल्ली, अम्मीच्या पायांना तेल लावलं. मला तिचा हेवा वाटायचा. मी वरच्या मजल्यावर लॅपटॉप घेऊन बसलेली असायची आणि खालून तिचा आवाज यायचा, अम्मीच्या आवाजाच्या अगदी मागोमाग. गुरूची विद्या गुरूला फळते म्हणतात ना, त्याची सुरुवात अशी तेल लावण्यापासून होते.

मग अम्मी विसरायला लागली. आधी चष्मा, मग औषधं, मग नावं. एका जुमेरातीला ती शजरा म्हणता म्हणता अडकली. जिथे तिच्या स्वतःच्या पीरसाहेबांचं नाव यायचं, नेमकं तिथेच. ओठ हलत राहिले, नाव येईना. कुणीतरी नवीन पोरगी हसली. नाझनीननं पटकन ते नाव घेतलं आणि पुढचा शजरा स्वतः पुरा केला. मी पायरीवर उभी होते. मला वाटलं, किती गुणाची पोर. त्या क्षणी तिनं काय पाहून ठेवलं ते मला कळलं नाही.

पुढच्या आठवड्यात बायकांच्या ग्रुपवर तिचा मेसेज आला. ताहिराआंटींची तब्येत बरी नसते, त्यांना आरामाची गरज आहे. त्यांनी मोठ्या मनानं मला इजाजत दिली आहे, तर या जुमेरातीपासून जिक्र माझ्याकडे. खाली पत्ता. खाली बायकांचे हात जोडलेले, माशाअल्ला, मुबारक, फुलं.

मी जेवणाच्या टेबलाशी जाऊन अम्मीला विचारलं, "तू नाझनीनला इजाजत दिलीस?"

"कसली?"

"जिक्र चालवायची."

"अजून कच्ची आहे ती," म्हणाली. "दोन-तीन वर्षं बसू दे. मग बघू."

मी तेव्हाच्या तेव्हा त्या ग्रुपमधून बाहेर पडले. आतून तापले होते. तिला फोन करून तिची सालटी काढायचं ठरवलं होतं, वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती. पण भांडण केलं असतं तर ते अम्मीच्या कानावर गेलं असतं. तुला त्यांनी बाजूला काढलं, तू आता नकोशी झालीस, हे तिला कुणी सांगायचं? मी नाही सांगणार होते.

त्या जुमेरातीला तिनं दुपारीच चादरी अंथरल्या. मलिदा केला. संध्याकाळी साडी बदलून खाली जाऊन बसली. कुणी येईना तेव्हा तिनं मला हाक मारली. "शमीम, आज कुणी का नाही?"

"स्नो आहे, अम्मी," मी म्हटलं. "रस्ते बंद आहेत."

हा माझा शब्द मग हिवाळाभर चालला. स्नो. त्या वर्षी न्यू जर्सीत बर्फ फारसा पडलाच नाही. लोक कौतुक करत होते, काय छान हिवाळा आहे, यार, शॉवेल काढावंच लागलं नाही. आणि मी दर गुरुवारी आकाशाकडे बघत दात-ओठ खायची, की पड ना मेल्या, एकदा तरी पड. अल्लाकडे माणसं काय काय मागतात, मी बर्फ मागत होते. जुमेरात आली की मी बेसमेंटच्या त्या उंचावरच्या चिमुकल्या खिडकीचा पडदा ओढून घ्यायची. अम्मी चादरी अंथरायची, चण्यांचा ढीग घालायची, बसायची. मग मलिदा आम्ही चौघं खायचो. सनाला शेवटी शेवटी मलिदा नकोसा झाला.

एकदा मी पडदा ओढायला विसरले. लख्ख ऊन पडलं होतं. खिडकीतून समोरची हिरवट-पिवळी हिरवळ दिसत होती, शेजाऱ्याचा पोरगा हाफ पँटमध्ये सायकल फिरवत होता. अम्मीनं वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी पायरीवर, हातात चहाचा कप.

"आज पण स्नो आहे का?" तिनं विचारलं.

"हो, अम्मी."

"फार आहे?"

"फार आहे."

"मग आपण दोघीच बसू," ती म्हणाली. माझी मीटिंग होती. मी गेले नाही. तिच्या शेजारी चादरीवर बसले, मला मांडी घालून बसवत नव्हतं तरी बसले. तिनं जिक्र सुरू केला आणि एका नावावर अडकली. तेच नाव, परत तेच, परत तेच. पुढचं आठवत नव्हतं आणि थांबणंही तिला माहीत नव्हतं. झोपत नसलेल्या पोराला थापटावं तसं ते नाव ती थापटत राहिली. ऊन उतरलं, खिडकी काळी झाली. मी तिला थांबवलं नाही. माझ्या मनात मात्र त्या वेळी अल्लाचं नाव नव्हतं. माझ्या मनात दुसरंच एक नाव होतं आणि मीही ते तितक्याच वेळा घेतलं.

शाबान संपायच्या आत अम्मी गेली. दफनाच्या दिवशी नाझनीन आली, सगळ्यात मोठ्यानं रडली. येताना बिर्याणीचा भलामोठा ट्रे घेऊन आली होती. तो ट्रे मी अजून परत केलेला नाही. गॅरेजमध्ये आहे. रस्त्यावरचा बर्फ वितळवायचं मीठ मी त्यात ठेवते. लहान मनाचं काम आहे, मला ठाऊक आहे. मला त्यातून फार समाधान मिळतं. ओक ट्री रोडवरच्या दुकानात एकदा ती ज्वारीच्या पिठाकडे हात करत होती. शेवटची पिशवी होती, मी उचलली. घरी आधीच दोन होत्या. इक्बाल म्हणाला, "शमीम, किती दिवस हे? सूफी माणसं ना आपण?" मी म्हटलं, "सूफी माझी अम्मी होती. मी तिची वारस आहे, आणि वारसाला वसुलीचाही हक्क असतो."

यावर मी पुष्कळ विचार केलाय. अम्मीच्या वाटेवर सगळा झगडा नफ्सशी असतो. नफ्स म्हणजे आपल्यातला तो हट्टी, हावरा, रागीट जीव. लोक म्हणतात, तो मारायचा. अम्मी म्हणायची, मारायचा कसला, तो काही झुरळ आहे? त्याला ओळखायचं. तो कुठे बसलाय, कुणाचे कपडे घालून बसलाय ते बघायचं. मी माझ्या नफ्सला चांगली ओळखते. तो अम्मीची साडी नेसून बसलाय आणि मला सांगतोय की हे सगळं तू तिच्यासाठी करतेस. असेलही तसं. पण मग नाझनीनचा नफ्स काय नेसून बसला होता? अम्मीचाच पदर ना? आणि तिला बायका मुर्शिदा, म्हणजे गुरू, म्हणत होत्या, हात चुंबत होत्या. तिच्या घरी शजरा म्हणताना अम्मीच्या नावानंतर नाझनीनचं नाव येत होतं, हे मला ऐकायला मिळालं तेव्हा मी तो अख्खा दिवस कुणाशी बोलले नाही.

आणि एक गोष्ट मला फार पूर्वीपासून माहीत होती. अल्ला दयाळू आहे. त्याचं स्वतःचं जे देणं तुम्ही चुकवलंत, नमाज, रोजे, ते तो माफ करील. पण माणसानं माणसावर केलेला अन्याय तो आपल्या अखत्यारीत घेत नाही. तो त्या माणसानंच माफ करायचा. नाझनीननं कितीही जिक्र केला, डोळ्यांतून कितीही पाणी काढलं, तरी एक सही माझ्याकडे अडकून होती. आम्ही इथे आलेले सगळे कधी ना कधी वकिलातीच्या खिडकीपुढे उभे राहिलोय. आतला माणूस कागद बघतो, तोंड बघतो आणि काही न बोलता पासपोर्ट परत सरकवतो. मला त्या खिडकीच्या आतल्या बाजूला खुर्ची मिळाली होती. मी ती सोडणार नव्हते. दर शाबानला तिचा गुलाब यायचा, आणि मी तो नुसता बघून ठेवायची. निळ्या खुणा उमटायच्या, तिला कळायचं की मी वाचलंय. उत्तर नाही.

आमचे महिने चंद्राचे, दर वर्षी मागे सरकतात. अम्मी गेली तेव्हा शाबान मार्चमध्ये होता, झाडांना कळ्या फुटायच्या बेतात. आता तो सरकत सरकत ऐन गारठ्यात आलाय. त्यामुळे माझ्याकडे तिच्या आठवणीचे दोन ऋतू झालेत. एक चंद्राचा, एक हवेचा. दरवर्षी त्यांच्यात थोडं अंतर पडतं. एकात मी तिच्या नावानं फातिहा देते, मलिदा करते. दुसऱ्यात, मार्चमध्ये, नुसती चिडचिडी असते आणि सना म्हणते, "Mom, what is wrong with you?"

या वर्षी गुलाब आला नाही. रविवारी दुपारी नाझनीन स्वतः आली.

तिनं बर्फातले बूट दाराशी काढले आणि मोज्यांवर आत आली. केसांत पांढरं दिसत होतं. मी तिला बस म्हटलं नाही, तरी ती सोफ्याच्या कडेवर बसली.

"आपा, मी आणि आमचे हे हजला चाललोय. बुकिंग झालं," ती म्हणाली. "सगळ्यांकडे जाऊन येतेय. कहा-सुना माफ करा."

हजला जाणाऱ्यानं निघण्याआधी प्रत्येकाची माफी घेऊन निघावं, कुणाचा हक्क मानेवर ठेवून काबागृहापुढे उभं राहू नये, अशी रीत आहे. म्हणून ती आली होती. वर्षानुवर्षं मी ज्या दिवसाची वाट पाहिली तो माझ्या सोफ्यावर मोजे घालून बसला होता.

"काय कहा आणि काय सुना, ते सांग," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"कशाची माफी हवीय?"

"आपा, जे काही असेल ते..."

"जे काही असेल त्याची माफी माझ्याकडे नाही. माझ्याकडे एकाच गोष्टीची आहे. तिचं नाव घे."

स्वयंपाकघरातून इक्बाल डोकावला, माझं तोंड पाहिलं आणि परत आत गेला. मग नाझनीन बोलायला लागली तेव्हा भरभर बोलली, जणू पाठ करून आली होती.

"आंटी विसरत होत्या, आपा. नवीन मुली हसत होत्या, मला बघवत नव्हतं. ग्रुप तुटला असता. मी नुसतं म्हटलं असतं की माझ्याकडे या, तर कोण आलं असतं? इजाजतशिवाय कुणी बसत नाही. So मी म्हटलं की त्यांनी दिलीय. पुढे कधीतरी त्यांच्याकडून खरंच घेईन असं डोक्यात होतं."

"घ्यायला आलीस?"

"नाही."

"एका तरी जुमेरातीला तिला न्यायला आलीस? मागे बसवलं असतंस. चणे सरकवले असते तिनं. ती हिवाळाभर खाली चादर घालून बसत होती, नाझनीन. मी तिला सांगत होते की बर्फ पडलाय."

तिला हे माहीत नव्हतं. तिचा चेहरा बघून कळलं की नव्हतं. तिनं तोंडावर हात ठेवला. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, उन्हात बसल्यासारखं बरं वाटलं.

"मी काय करू, सांगा," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाल ते."

मी उत्तर तयारच ठेवलं होतं. "येत्या जुमेरातीला तुझ्या घरी, सगळ्यांसमोर, शजरा म्हणायच्या आधी सांग. अम्मीनं तुला इजाजत दिली नव्हती. तू खोटं बोललीस. मी तिथे बसलेली असेन. सांगितलंस तर माफ."

ती पांढरी पडली. तिला काय करायला लावतेय हे तिला कळत होतं आणि मलाही. इजाजत खोटी तर तिची बैठक खोटी. तिच्या हातावर हात ठेवून ज्या पोरींनी जिक्र घेतला त्यांची साखळी खोटी. इतक्या वर्षांचं सगळं एका वाक्यात खाली. आणि त्यानंतर एडिसनमध्ये जिक्र चालवायला कुणीच उरणार नव्हतं, कारण इजाजत माझ्याकडेही नव्हती. अम्मीची साखळी इथे, या गावात, संपली असती. हे मला कळत नव्हतं असं नाही. मी ते तोलून पाहिलं होतं. तरी मला ते हवं होतं. नाझनीन उठली, बूट घातले आणि गेली. येईल की नाही, सांगेल की नाही, मला खात्री नव्हती. ती हजला तशीच जाऊ शकत होती. पुष्कळ जण जातात.

जुमेरातीला मगरिबच्या, सूर्यास्ताच्या नमाजच्या, आधी मी तिच्या घरी पोचले. पहिल्यांदाच. मोठं घर, उंच छत, पांढऱ्या चादरी, म्हाताऱ्या बायकांसाठी भिंतीलगत खुर्च्या. लोबानऐवजी विजेवर चालणारं काहीतरी होतं, धूर नाही, नुसता वास. बायका मला बघून चपापल्या, मग "आपा, किती वर्षांनी!" करत गळ्यात पडल्या. खुर्चीत झुबेदाखाला बसल्या होत्या, सोलापूरच्या, एका जुन्या डॉक्टरांच्या पत्नी. इथे आलेल्या अगदी पहिल्या माणसांपैकी. सगळ्या बायका त्यांचं ऐकायच्या. अम्मीच्या बेसमेंटमध्ये त्या अम्मीच्या उजव्या हाताला बसायच्या. ईदला अजूनही मला शीरखुर्म्याचा डबा पाठवतात.

नमाज झाली. बायका गोल करून बसल्या. नाझनीन मध्ये येऊन बसली, पण तिनं तसबीह, जपाची माळ, हातात घेतली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी नजर हलवली नाही.

"शजऱ्याच्या आधी एक सांगायचंय," ती म्हणाली. "ताहिराआंटींनी मला इजाजत दिली नव्हती. मी खोटं बोलले. आजपर्यंत इथे जे झालं ते परवानगीशिवाय झालं. माझं नाव शजऱ्यातून काढा. त्या तिकडे माझी, तुमची वाट बघत बसलेल्या असायच्या आणि मी त्यांना बोलावलं नाही."

झालं. मी जिंकले होते. मी बायकांच्या चेहऱ्यांकडे पाहायला लागले. कुणी तरी उठून जाईल, कुणी तरी तिला बोल लावेल, कुणी रडेल. तरुण दोघी-तिघी खरंच भांबावल्या होत्या. पण बाकीच्या, अम्मीच्या वेळच्या, चादरीकडे बघत होत्या. एकीनं पदर नीट केला.

झुबेदाखालांनी उसासा सोडला. "अगं बाई, आम्हाला काय ठाऊक नव्हतं का?" त्या म्हणाल्या. "ताहिराबींना त्या दिवसांत स्वतःच्या चपला सापडत नव्हत्या, त्या इजाजत कसली देणार? कळत होतं सगळ्यांना."

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"आता माहीत म्हणजे काय, बेटी, अंदाज होता."

"मग इकडे का आलात?"

खालांनी आजूबाजूला मदतीसाठी पाहिलं. "तुमच्याकडे त्या बेसमेंटच्या पायऱ्या. माझे गुडघे तुला माहीतच आहेत. इथे पार्किंग पण बरं होतं."

"आणि बाथरूम खालीच आहे," मागून कुणीतरी पुस्ती जोडली.

"एक फोन?" मी विचारलं. "एकीनं तरी? ताहिराबी, कशा आहात, एवढंच?"

"काय बोलणार होतो फोनवर? अवघड वाटायचं," खाला म्हणाल्या. "शिवाय त्यांना कुठे काही कळत होतं?"

त्या हिवाळ्यात मी एकीचंच नाव घेत राहिले होते. सगळा राग एकाच दारापुढे नेऊन ओतला होता. आणि या इथे, शीरखुर्मा पाठवणाऱ्या, गुलाब पाठवणाऱ्या, मला बघून गळ्यात पडणाऱ्या. यांना माहीत होतं. त्या खोट्यावर यांनी मुबारक लिहिलं होतं, आणि पार्किंग बघून गाड्या वळवल्या होत्या. एवढा संताप मला नाझनीनचाही कधी आला नव्हता.

"जाऊ दे, बेटी," खाला समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "माफीचा महिना आहे. झालं गेलं गंगेला मिळालं. आमचंही कहा-सुना माफ कर." आणि गोलातून तसेच आवाज उठले, हो आपा, माफ करा, आम्हाला पण, आमचं पण. स्वयंपाकघरातून बिर्याणीचा वास येत होता आणि एक-दोघींची नजर तिकडे जात होती.

मी उठले. नाझनीन गुडघ्यात डोकं घालून बसली होती. तिच्या अंगावर कुणाचा हात नव्हता. मी तिच्यापुढे बसले. तिचं तोंड वर केलं. त्या सगळ्या खोलीत हिनं एकटीनं कळशीचं नाव घेतलं होतं.

"हजला जा," मी तिला म्हटलं. "मी माफ केलं. अम्मीच्या वतीनं आणि माझ्या वतीनं. मनापासून केलं." आणि मला आश्चर्य वाटलं, कारण ते खरं होतं.

ती माझ्या खांद्यावर रडली. मी तिला रडू दिलं. मग मी दाराशी जाऊन कोट घातला, बूट घातले. झुबेदाखालांनी खुर्चीतूनच हात पुढे केला होता, मी येऊन धरीन म्हणून.

"आणि आम्हाला, बेटी?"

"तुम्हाला नाही, खाला," मी म्हटलं, आणि दार उघडलं.